सी पर्लिनची साइज बदलण्यातच शिफ्ट जाते, नवीन मशीन घ्यावी का?

पत्राकार:
नमस्कार मंडळी, भोसरीत छोटं युनिट आहे, सी पर्लिन (छपराचा पत्रा किंवा सोलर पॅनल ज्यावर बसतं ते सी आकाराचे आडवे) बनवतो. रोल फॉर्मिंगची, म्हणजे रोलरमधून पत्रा थोडा थोडा वाकवत नेणारी, एकच १४ स्टँडची (रोलरच्या १४ जोड्यांची) लाइन, दीड ते अडीच एमएम जीपी (गॅल्व्हनाइज्ड) पत्रा. आधी शेडवाल्यांच्या ऑर्डरी असायच्या, २०० चा (वेबची, म्हणजे सीच्या मधल्या उभ्या भागाची उंची एमएममध्ये) सेट लावला की चार दिवस बघायला नको. आता सोलरवाले येतात, त्यांना १०० पण पाहिजे १५० पण पाहिजे, आणि दोन टनाच्या ऑर्डरला नाही म्हणवत नाही. साइज बदलायची म्हणजे शाफ्ट मोकळे करा, स्पेसर (रोलरमधलं अंतर ठरवणाऱ्या रिंगा) बदला, ट्रायल घ्या, शिफ्ट संपली आणि ट्रायलचा पत्रा भंगारात. बटण दाबलं की साइज बदलणारी सी-झेड (सी आणि झेड दोन्ही आकार काढणारी) मशीन घेऊ का?

मोटरवाला:
घेऊन टाका. मोटरवर अर्धे स्टँड आतबाहेर सरकतात, वेब पाच-दहा मिनिटात बदलतं. आम्ही परत स्पेसरला हात लावला नाही.

जुना फिटर:
थांबा हो, लोन काढायच्या आधी एकदा घड्याळ लावून बघा वेळ कुठे जातो. आमच्याकडे स्पेसरला दोन तास लागायचे, बाकी सगळा वेळ गॅप (वरच्या-खालच्या रोलरमधली फट) जुळवण्यात आणि पिळलेला माल सरळ करण्यात. फ्लँज-लिप (वेबच्या बाजूची पाती आणि तिची आत वळलेली कड) तेच असेल तर कोपऱ्याचे रोलर तेच राहतात, फक्त मधलं अंतर बदलतं. म्हणून दर साइजचा स्पेसर संच वेगळा, रंग मारून पेटीत ठेवा, आणि माल चांगला निघाला की त्याच वेळी प्रत्येक स्टँडचा गॅप फीलर गेजने मोजून वहीत लिहा. उद्या लिहू म्हटलं की गेलं.

दुसरं म्हणजे स्लिट कॉइल, मापाच्या रुंदीत कापलेली पट्टी. २०० x ६० x २० ला (वेब x फ्लँज x लिप) दोन एमएममध्ये साधारण ३४५ ची पट्टी लागते, १५० ला २९५. पट्टीच नसेल तर मशीन पाच मिनिटात बदलून चहा प्यायचा का?

मोटरवाला:
😄 पटलं. कटिंग पण बघा, पोस्ट कटला (आकार दिल्यावर कापायला) साइजप्रमाणे डाय लागते. प्री कट (पट्टी आधीच कापून) केलं तर डायचा प्रश्न मिटतो, पण टोकाला तोंड उघडतं आणि सोलरच्या जोडात ते अडतं.

पत्राकार:
होल सध्या नंतर ड्रिल करतो...

जुना फिटर:
अरे देवा, मग पैसे तिथे घाला! सपाट पट्टीवरच पंच करा, सर्व्हो फीडवर (मोटरने पट्टी नेमक्या मापात पुढे सरकते). आणि हाय टेन्साइल पत्रा आला तर जुन्या वहीवर जाऊ नका, स्प्रिंगबॅक (वाकवल्यावर परत उघडणं) जास्त असतो, शेवटच्या दोन-तीन स्टँडला ओव्हरबेंड (मापापेक्षा जास्त वाकवणं) वाढवावा लागतो.

नवशिक्या:
एकाच पीसमध्ये रुंदी कमीजास्त होते ते फ्लेक्सिबल रोल फॉर्मिंग म्हणजे हेच का?

मोटरवाला:
नाही, ते वेगळं. त्यात माल चालू असताना प्रत्येक स्टँड सरकतो आणि वळतो पण. जर्मनीत डार्मस्टाटच्या युनिव्हर्सिटीत त्यावर बरंच काम झालंय. रुंदी बदलते तिथे फ्लँजची कड ताणली किंवा दाबली जाते, ते जमलं नाही तर वेब फुगतं. पर्लिनला त्याचं काय काम.

पत्राकार:
आत्ता गोडाऊनला जाऊन आलो. २९५ ची एक पण कॉइल नाही, सगळ्या ३४५. मशीनवाल्याला उद्याचा नको, पुढच्या महिन्यात ये सांगितलंय. पंचिंगचं कोटेशन कुणाकडे असेल तर व्यनि करा.