तीन किलोच्या कुत्रीला केचप, मेयोनीज चाटू द्यावे का?

जाईजुई:
आमच्या घरी अडीच वर्षांची पॉमेरेनियन कुत्री आहे. तिचे वजन ३ किलो. तिचे स्वतःचे खाणे वेळच्या वेळी होते, परंतु आमची जेवणे चालू असताना ती सासऱ्यांच्या खुर्चीपाशी ठाण मांडून बसते आणि तेही ताटलीत उरलेले केचप किंवा मेयोनीज बोटावर घेऊन तिला चाटायला देतात. "बोटभर सॉसने काय व्हायचे आहे?" असे त्यांचे म्हणणे. परवा मात्र आमची पाठ वळताच तिने सोया सॉसची वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली आणि नंतर तासभर ती पाण्याच्या भांड्यापासून हलली नाही. वाटीत लहान चमचाभरच सॉस होता आणि दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी खेळू लागली, तरी तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. इतक्या लहान चणीच्या कुत्र्याला यांपैकी काय चालते, आणि किती?

शेपूटपुराण:
माझ्या आठ वर्षांच्या कुत्र्याने आजवर केचप कितीदा खाल्ले असेल याची गणती नाही आणि त्याला काहीही झालेले नाही. अर्थात, त्याचे वजन ३४ किलो आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

उंबरठा:
मी काही वर्षे प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. शेपूटपुराण यांच्या शेवटच्या वाक्यातच निम्मे उत्तर आले आहे. उरलेले निम्मे बाटलीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत छापलेले असते.

केचपमधला पिकलेला टोमॅटो हा मुळीच गुन्हेगार नाही. अडचण आहे ती बहुतेक केचपांत असणाऱ्या कांद्याच्या आणि लसणाच्या पुडीची. कांदा-लसणातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात, त्या पेशी फुटू लागतात आणि रक्तक्षय होतो. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा गुण जात नाही. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला, तर विषबाधेची भीती धरावी लागते. तुमच्या कुत्रीच्या बाबतीत हा आकडा १५ ग्रॅम ओल्या कांद्याचा झाला. आता ओल्या कांद्यात सुमारे ८९ टक्के पाणीच असते, म्हणजे तेवढाच ऐवज दोन ग्रॅमांहूनही कमी पुडीत मावतो. बोटभर केचपमध्ये इतकी पूड नसते, त्यामुळे एकदा चाटल्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र ही इजा थोड्या थोड्या मात्रेने साठतही जाते, म्हणून रोजची सवय मला मान्य नाही. लक्षणे लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात: मरगळ, भराभर श्वास, गडद रंगाची लघवी, फिकट हिरड्या. हिरडीवर बोट दाबून सोडावे. पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. कुत्री धडधाकट असतानाच हे करून पाहा, म्हणजे तिच्या हिरड्यांचा नेहमीचा रंग डोळ्यांत बसेल.

सोया सॉसबद्दल सांगायचे, तर १५ मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यात साधारण सव्वादोन ते अडीच ग्रॅम मीठ असते. दर किलो वजनामागे २ ते ३ ग्रॅम मीठ गेले, की उलट्या, थरथर, झटके अशी लक्षणे संभवतात. तुमच्या कुत्रीने लहान चमचाभरच चाटला आणि तिला हवे तेवढे पाणी मिळाले, म्हणून ती तहानेवर निभावली. तीन-चार मोठे चमचे गेले असते, तर तिला तडक पशुवैद्यांकडे न्यावे लागले असते.

मोहरीच्या आणि मिरचीच्या सॉसवर फार लिहीत नाही. दोन्हींनी पोट चिडते आणि जुलाब-उलट्या होतात; देऊ नये.

सातवी पायरी:
मेयोनीजचा अनुभव माझ्या पदरी आहे. त्यात सत्तर टक्क्यांच्या पुढे स्निग्धांश असतो. माझी मिनिएचर श्नाउझर कुत्री पाहुण्यांच्या गडबडीत अर्धी वाटी मेयोनीज फस्त करून बसली आणि दुसऱ्या दिवशी पुढचे पाय पसरून, मागचा भाग उंच धरून, पोट ताणत उभी राहू लागली. ती आळस देते आहे, असे समजून मी अर्धा दिवस घालवला. प्रत्यक्षात तो स्वादुपिंडाचा दाह होता आणि तिला तीन दिवस सलाइनवर ठेवावे लागले. या जातीत रक्तातील चरबी मुळातच वाढलेली असण्याची प्रवृत्ती असते, हे मला तेव्हा कळले.

तुमच्या पॉमेरेनियनपुढे त्याआधी साधा हिशेबाचा प्रश्न आहे. ३ किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात आणि वरखाणे त्याच्या दहा टक्क्यांत बसवावे, असा दंडक आहे. मेयोनीजच्या एका ग्रॅममध्येच सुमारे सात कॅलरी असतात.

उंबरठा:
एक गोष्ट राहिली आणि तीच सर्वांत गंभीर आहे. 'साखरविरहित' असे लिहिलेल्या केचपात, सॉसमध्ये किंवा शेंगदाण्याच्या बटरमध्ये कधी कधी झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य असते. काही वेष्टनांवर ते ई ९६७ किंवा बर्च साखर या नावानेही येते. माणसाला ते निरुपद्रवी, परंतु कुत्र्याच्या शरीरात त्यामुळे इन्सुलिन एकदम स्रवते आणि रक्तातील साखर बहुधा तासाभरात कोसळते. दर किलोमागे ०.१ ग्रॅम पुरते, म्हणजे तुमच्या कुत्रीला ०.३ ग्रॅम. मात्रा अर्धा ग्रॅम प्रतिकिलोच्या पुढे गेली, तर यकृतही निकामी होऊ शकते. अशा वेळी लक्षणांची वाट पाहू नये, बाटली सोबत घेऊन निघावे, आणि मिठाचे पाणी किंवा मोहरी पाजून उलटी करवण्याचा घरगुती उपाय मुळीच करू नये, कारण त्या मिठानेच दुसरी विषबाधा व्हायची.

जाईजुई:
सर्वांचे आभार. काल सासऱ्यांनी स्वतःच भिंग घेऊन बाटल्या वाचल्या. केचपमध्ये कांदा आणि लसूण दोन्हींची पूड निघाली. झायलिटॉल सुदैवाने कशातच नव्हते. मग मी त्यांना 'बोटभर' मेयोनीज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायला लावले. ४ ग्रॅम भरले, म्हणजे २८ कॅलरी, आणि अशी बोटे एका जेवणात तीन-चार होत असत. ते काही बोलले नाहीत. रात्री मात्र त्यांनी तिच्याच कोरड्या खाद्यातले चार दाणे खिशात घालून ठेवले होते आणि एकेक दाणा बोटावर धरून देत होते. तिने प्रत्येक दाण्यानंतर बोटही चाटले.