मदत हवी आहे: पणजीहून नार्वे-डिचोली, आईला घेऊन

नमस्कार मंडळी. आई कोल्हापूरहून आलीय आणि तिला नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्यायचंच आहे. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत मूळचं दिवाडी बेटावरचं. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर लिंग नार्व्याला आणलं गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावरचा शिलालेख तिला स्वतः वाचायचाय, नुसता फोटो काढून परतायचं नाही.

गाडी नाही. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी आणि पलीकडून दुसऱ्या फेरीने नार्वे, असा बेत आहे, कारण देव ज्या बेटावरून गेला तिथूनच जावं असं मला मनापासून वाटतं. पण बेटावर एका धक्क्यापासून दुसऱ्यापर्यंत रिक्षा किंवा बस मिळते का? आईचे गुडघे दुखतात, चालणं जमणार नाही. रविवारी नार्व्याची फेरी कितपत नियमित असते?

नार्व्याहून डिचोली गाठून नमाजगाह (नमाजाची जुनी जागा) आणि हरवळ्याची लेणीही दाखवायचीत. लेण्यांत पायऱ्या फार आहेत का? संध्याकाळी डिचोलीहून पणजीला शेवटची कदंब (सरकारी) बस कधी सुटते? डिचोलीकरांनी कृपया सांगावं. दुपारी साधं शाकाहारी जेवण कुठे मिळेल तेही कळवा.