मंगळवारपासून बागेच्या ट्रॅकवर ब्लॉक बसणार, खालचा मुरूमच कमी वाटतोय. कुणाकडे जायचं?

कडुनिंब_गल्ली (शनिवार, सकाळी 7.40)

मदत लवकर हवी आहे. आमच्या बागेचं नूतनीकरण ‘अंतिम टप्प्यात’ असल्याचं पालिकेने जाहीर केलंय. ट्रॅक, ओपन जिम, खेळणी, दिवे, सगळं त्यात आहे. प्रत्यक्षात ट्रॅक उकरून त्यात मुरूम पसरलाय आणि बाजूला पेव्हर ब्लॉकच्या थप्प्या लागल्यात. मुकादम म्हणतो मंगळवारपासून ब्लॉक बसवणार. मुरूम फार पातळ आहे. मागचा ट्रॅक दोन पावसाळ्यांत वर-खाली झाला, म्हाताऱ्या माणसांचे पाय मुरगळायचे. मला काम बंद पाडायचं नाही, नीट करून घ्यायचं आहे. कुणाला भेटू, काय लिहून देऊ? इंजिनिअर फोन उचलत नाहीत.

माहितीचा_अर्ज (7.58)

ताई, माहिती अधिकार टाका, दुसरा मार्गच नाही. जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, आपल्या राज्यात तसा नियम आहे. मागायचं काय तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाच्या (झालेल्या कामाची मापं ज्यात नोंदवतात त्या वहीच्या) झेरॉक्स. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. तिथेही नाही झालं तर 90 दिवसांच्या आत दुसरं अपील, आपल्या भागाचं नाशिक खंडपीठाकडे जातं.

कडुनिंब_गल्ली (8.05)

30 दिवस? ब्लॉक मंगळवारी बसतायत हो.

तापीकाठ (8.21)

आधी हे सांगा: महापालिका की नगरपरिषद? बाग पालिकेच्या मालकीची की लेआउटमधली ओपन स्पेस? कामाचा फलक लागलाय का? पैसा कुठला आहे, जिल्हा नियोजनचा, आमदार निधीचा की पालिकेचा स्वतःचा? यातलं काहीच तुम्ही लिहिलं नाही. आमदार निधी किंवा नियोजनचा असेल तर काम करणारी यंत्रणा कधी कधी बांधकाम विभाग असतो. मग पालिकेच्या इंजिनिअरच्या मागे धावून काय उपयोग?

कडुनिंब_गल्ली (8.40)

नगरपरिषद. जळगाव जिल्हा. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये. जागा आमच्या कॉलनीची ओपन स्पेस आहे, पण देखभाल पालिकाच करते. फलक नाही. निधी कुठला ते माहीत नाही.

देवपूर_रहिवासी (8.52)

ओपन स्पेसचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या कॉलनीत ओपन स्पेसवर हॉल बांधायचं चाललंय. चालतं का? लेआउट मंजूर करताना 10 टक्के जागा मोकळी सोडायची असते ना?

तापीकाठ (9.03)

भाऊ, वेगळा धागा काढा. तोवर एवढं करा: नगररचना विभागातून मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रमाणित प्रत काढा. नकाशावर ती जागा काय म्हणून दाखवली आहे, त्यावर सगळं ठरतं.

सिव्हिल_अमळनेर (9.15)

ताई, कागद नंतर बघू. आधी मापं द्या. ट्रॅकची लांबी-रुंदी, उकरला किती खोल, मुरमाच्या किती गाड्या आल्या आणि गाडी सहाचाकी की दहाचाकी, ब्लॉकची जाडी, खालची माती काळी आहे का. ‘पातळ वाटतोय’ असं लिहून दिलं तर कुणी दखल घेणार नाही.

कडुनिंब_गल्ली (10.30)

पावलांनी नाही, टेपने मोजून आले. लांबी 220 मीटर, रुंदी 1.8 मीटर. खोली 21 सेंटीमीटर. समोरच्या घरातल्या आजोबांनी गाड्या मोजल्यात, सहाचाकी डंपरच्या 5 खेपा. ब्लॉक 6 सेंटीमीटर. माती पक्की काळी, उन्हाळ्यात भेगांत हात जातो.

सिव्हिल_अमळनेर (10.52)

आता बोलता येईल. क्षेत्रफळ झालं 396 चौरस मीटर. सहाचाकी डंपरमध्ये साधारण अडीच ब्रास बसतो, म्हणजे 5 खेपांत 12.5 ब्रास. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, तर सुटा मुरूम आला साधारण 35 घनमीटर. 396 वर पसरला की जेमतेम 9 सेंटीमीटर, आणि दाबून 7 उरतो. काळ्या मातीवर चालण्याच्या ट्रॅकलाही दाबून किमान 20 सेंटीमीटर हवा, त्याला सुटा 35 ब्रास लागतो. म्हणजे 14 खेपा. तुमच्याकडे अजून 9 यायच्या आहेत.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. 7 मुरूम, 3 वाळू, 6 ब्लॉक, एकूण 16. तुम्ही उकरलंय 21. म्हणजे तयार ट्रॅक आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 5 सेंटीमीटर खाली जाणार आणि पहिल्याच पावसात पाट वाहणार. ते पाणी काळ्या मातीत मुरलं की माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि ब्लॉक तिच्याबरोबर वर-खाली होतात. मागचा ट्रॅक बहुतेक यामुळेच गेला असणार. 20 सेंटीमीटर मुरूम भरला तर बेरीज 29 होते, ट्रॅक 8 सेंटीमीटर वर राहतो. तेच हवं.

मुरूमप्रेमी (11.10)

मुळात ब्लॉक कशाला? गुडघ्यांना सिमेंटचा पृष्ठभाग चांगला नाही. नुसता मुरमाचा ट्रॅक करा, वर बारीक चाळलेला लाल मुरूम, पाणी मारून रोलर. निम्म्या खर्चात होतं, आणि खराब झाला तर दोन खेपा टाकून नीट करता येतो.

सिव्हिल_अमळनेर (11.18)

जुलैत काळ्या मातीवर मुरूम टाकून बघा भो, पंधरा दिवसांत माती वर येते. मधे जिओटेक्स्टाइलचं कापड नसेल तर मुरूम खाली जातो आणि चिखल वर. शिवाय काम मंजूर ब्लॉकचं आहे. आता प्रकार बदलायचा म्हणजे सुधारित अंदाजपत्रक, परत मान्यता. ताईंकडे तीन दिवस आहेत.

मुरूमप्रेमी (11.25)

कापड टाका की मग. ते ब्लॉकखाली पण हवंच. निचरा आणि कड नीट केली तर मुरूम टिकतो. गावोगावच्या मैदानांवर लोक मुरमावरच पळतात.

बहावा (11.40)

या ट्रॅकच्या कडेला झाडं आहेत का ते कुणी विचारलंच नाही. नाव कडुनिंब_गल्ली आहे म्हणून विचारते. ब्लॉक बुंध्याला भिडवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तेच माप धरा. आणि जेसीबीने मुळं तोडली असतील तर 1975 च्या झाडांच्या कायद्यात ‘झाड तोडणे’ याच्या व्याख्येतच झाडाला इजा करणं येतं. वृक्ष अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज देता येतो.

कडुनिंब_गल्ली (11.52)

हो, सात कडुनिंब आहेत, ट्रॅकला अगदी लागून. दोघांची अंगठ्याएवढी मुळं तुटलेली दिसतात.

बहावा (12.05)

तुटलेली टोकं धारदार करवतीने सरळ कापा, चिंधड्या ठेवू नका, आणि आजच ओल्या गोणपाटाने झाका. या उन्हात उघडं मूळ सुकायला वेळ लागत नाही. त्या सात ठिकाणी आणखी खोल उकरू देऊ नका. ट्रॅक तिथे 1.8 ऐवजी 1.2 मीटर करा, वळवा, किंवा तेवढ्या टप्प्यात ब्लॉक न घालता मोकळा मुरूम ठेवा. मुळांवर ब्लॉक दाबले तर पाच-सहा वर्षांत मूळ ते उचलतंच, मग दोष झाडाला देतात.

मुरूमप्रेमी (12.09)

बघा, शेवटी मुरूमच.

हिरवळ_जळगाव (12.30)

झाडांचं निघालंय म्हणून: कोनोकार्पस लावू देऊ नका, लवकर हिरवं दिसतं म्हणून ठेकेदार तेच आणतात. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. बहावा, करंज, अर्जुन, कांचन लावा. खड्डा एक मीटर लांब-रुंद-खोल, पोयटा आणि शेणखत घालून. लॉन मागू नका. इथल्या मे महिन्यात एका चौरस मीटरला दिवसाला 5-6 लिटर पाणी लागतं, 500 चौरस मीटरचं लॉन म्हणजे रोज तीन हजार लिटरपर्यंत.

कडुनिंब_गल्ली (12.41)

झाडांची यादी नको आहे. सोमवारी काय करू ते सांगा.

तापीकाठ (1.10)

ऐका. आज तीन ओळींचं नाही, मापांसकट पत्र लिहा. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत बांधकाम विभागाच्या नगर अभियंत्याला. मजकूर: ट्रॅकचं माप, मोजलेली खोली, खेपांची संख्या, त्यावरून निघणारी मुरमाची जाडी, आणि मागणी एवढीच: ब्लॉक बसवण्यापूर्वी मुरमाच्या थराचं रहिवाशांसमक्ष मोजमाप करावं आणि ते मोजमाप पुस्तकात नोंदवावं. कॉलनीतल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या. सोमवारी दफ्तर उघडताच आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. शिक्का नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा.

दुपारी 3 ते 5 या वेळेत परत जा. 2018 च्या शासन परिपत्रकाने सोमवारी त्या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायची सोय केली होती, त्याचा हवाला देऊन विचारा. अंदाजपत्रक उघडून फक्त चार बाबी बघा: उकरण्याची खोली, मुरमाच्या थराची जाडी, वाळूचा थर, ब्लॉकची जाडी आणि ग्रेड (मजबुतीचा दर्जा). निविदेतला दोष दायित्व कालावधी किती वर्षांचा ते टिपून घ्या, त्या काळात दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने असते. काम ई-निविदेने गेलं असेल तर महाटेंडर्स या शासनाच्या निविदा संकेतस्थळावर निविदेची कागदपत्रं आजच शोधा, सोमवारची वाट बघू नका.

माहितीचा_अर्ज (1.22)

परिपत्रक दाखवून कुणी फाइल देत नाही. अर्ज टाकाच. माहिती अधिकार कायद्याचं कलम 2 (ञ) वाचा. कागदच नाही तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार त्यात आहे. ब्लॉक आणि मुरमाचा नमुना मागा.

तापीकाठ (1.30)

टाकू नका असं कोण म्हणतंय? अर्ज पत्रासोबतच द्या. पण मंगळवार त्याने थांबणार नाही.

पारोळा_रोड (1.44)

जिल्हाधिकाऱ्यांकडे नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जा, स्थगिती मिळते. नाहीतर लोकशाही दिन.

तापीकाठ (1.58)

308 पालिकेच्या ठराव-आदेशाला स्थगिती देण्यासाठी आहे. ताईंना काम बंद पाडायचं नाही हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. लोकशाही दिनाला अर्ज 15 दिवस आधी लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते, सार्वजनिक बागेची तक्रार तिथे परत येते. दोन्ही इथे चुकीचे.

वायरमन_भुसावळ (2.20)

दिवे पण आहेत म्हणता, तर ब्लॉक बसायच्या आत केबलचे पाइप टाकून घ्या. जिथे केबल ट्रॅक ओलांडते तिथे आडवा पीव्हीसी पाइप, एक जादा रिकामा. नाहीतर ब्लॉक बसल्यावर आठ दिवसांत इलेक्ट्रिकवाले तोच ट्रॅक फोडतील आणि ती पट्टी कायमची खचेल. जंक्शन बॉक्स जमिनीपासून वर, पॅनेलमध्ये 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. बागेत मुलं ओल्या पायांनी फिरतात.

सिव्हिल_अमळनेर (2.45)

वायरमनचा मुद्दा फार महत्त्वाचा, पत्रात घाला. ठिबकच्या लाइनचंही तसंच. ट्रॅकच्या कडेपासून ड्रिपर निदान 60 सेंटीमीटर लांब, नाहीतर एका बाजूची माती कायम ओली आणि दुसरी कोरडी, ट्रॅक तिरका होतो.

मोजमापाच्या वेळी: दोन टोकं आणि मधे, तीन ठिकाणी फूटभर चौकोनी खड्डा काळी माती लागेपर्यंत. टेप उभा धरून फोटो. मुरूम 10-10 सेंटीमीटरच्या दोन थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. अरुंद जागी प्लेट कॉम्पॅक्टर, निदान धुमस. एकदम 20 पसरून वरून रोलर फिरवला तर खालचा थर पोकळच राहतो. मुरूम मातकट वाटला तर मूठभर ओला करून तळहातावर वात वळा. 3 मिलिमीटर जाडीची वात न तुटता वळली तर त्यात चिकण माती जास्त आहे, परत पाठवा. ब्लॉकखाली वाळूच. क्रशरची कच टाकली तर तिची भुकटी पाणी धरून ठेवते. आडवा उतार 2 टक्के, म्हणजे 1.8 मीटरला 36 मिलिमीटर. आणि दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये बसवलेले कर्ब स्टोन, कड सुटली की ब्लॉक बाहेर सरकतात.

मुरूमप्रेमी (3.05)

ब्लॉकच तपासा. तीन ब्लॉक 24 तास पाण्यात ठेवा, पुसून वजन करा, मग उन्हात वाळवून परत वजन करा. फरक 6 टक्क्यांच्या वर गेला तर ब्लॉक कच्चे.

सिव्हिल_अमळनेर (3.12)

6 टक्के सरासरी, एकेकाला 7, आकडा बरोबर. पण ती चाचणी भट्टीत वाळवून करतात, उन्हात पूर्ण वाळत नाही, त्यामुळे घरी आकडा कमीच येईल. घरीच 6 च्या वर गेला तर मात्र प्रयोगशाळेची वाट बघायला नको. अधिकृत चाचणी शासकीय तंत्रनिकेतनात होते, अहवाल ठेकेदाराकडे मागा.

कडुनिंब_गल्ली (सोमवार, सायंकाळी 6.35)

पत्र दिलं, 14 सह्या, आवक क्रमांक घेतला. अंदाजपत्रक दाखवलं, झेरॉक्स नाही दिली, तिचा अर्ज तिथेच टाकला. त्यात मुरूम 20 सेंटीमीटर लिहिलाय! जिओटेक्स्टाइल नाही. केबलच्या पाइपची बाब आहे पण टाकलेले नाहीत. कनिष्ठ अभियंता पाच वाजता येऊन गेले, तीन खड्डे घेतले: 7, 8 आणि 6.5 सेंटीमीटर. म्हणाले उरलेला मुरूम टाकून घेतो, ब्लॉक गुरुवारपर्यंत थांबवतो. कडुनिंबांजवळ 1 मीटर सोडायचं तोंडी मान्य केलं.

तापीकाठ (6.48)

खड्ड्यांच्या मापाच्या कागदावर त्यांची सही घेतली का?

कडुनिंब_गल्ली (6.55)

नाही. फोटो आहेत.

तापीकाठ (6.59)

फोटो आणि तिन्ही मापं आजच मुख्याधिकाऱ्यांच्या ईमेलवर पाठवा, ‘आज सायंकाळी 5 वाजता कनिष्ठ अभियंत्यांसमक्ष घेतलेली मापे’ असं लिहून. झाडांजवळच्या 1 मीटरचंही त्यातच लिहा. पहिल्या थराला रोलर फिरेल तेव्हा कुणीतरी तिथे उभं राहा.

सिव्हिल_अमळनेर (7.10)

आणि गाड्या मोजा. यापुढच्या 9.