लातूरचे घर सहा महिने बंद राहणार आहे. परदेशातून त्याची राखण कशी करावी?

प्रश्न : मांजराकाठ (मूळ लातूर, सध्या डॅलस)

नमस्कार. आमचे घर लातूरला औसा रोडवरील एका वसाहतीत आहे. वडिलांनी ते १९९८ मध्ये बांधले. खाली तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि देवघर, वर दोन खोल्या आणि गच्ची, भोवती छातीएवढ्या उंचीचे कंपाउंड असे त्याचे स्वरूप आहे. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. येत्या दसऱ्यानंतर ती आमच्याकडे येणार असून पाडव्याच्या सुमारास परतेल, म्हणजे दिवाळी, संक्रांत आणि होळी या तिन्ही सणांना घर बंद असेल. इतका दीर्घ काळ ते यापूर्वी कधीही बंद राहिलेले नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या मागच्या गल्लीत, लग्नासाठी चार दिवस बंद असलेल्या घराचा कडीकोयंडा तोडून चोरी झाली. आईने दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले, तेव्हा चौकटीचा ढलपा स्क्रूसकट ओसरीत पडला होता आणि भलेमोठे पितळी कुलूप त्याच कोयंड्यात लावलेल्या स्थितीत शाबूत होते. तेव्हापासून तिची झोप उडाली आहे, आणि खरे सांगायचे तर माझीही.

बहीण नांदेडला असते आणि महिन्यातून एकदा येऊन घर पाहून जाईन असे म्हणते. कॅमेरे बसवावेत का, कुलपांचे काय करावे, पोलिसांना कळवून काही उपयोग होतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. आणखी एक गोष्ट विचारायची आहे. आमच्याकडे महालक्ष्म्यांचे चांदीचे मुखवटे आहेत, आजीच्या आधीपासूनचे. घर बंद करताना देव तांदळात ठेवायचे आणि मुखवटे देवघरातल्या लाकडी पेटीत, अशी घरची रीत आहे, आणि आईला ती मोडवत नाही.

उत्तर १ : पूर्णाकाठ (परभणी, सेवानिवृत्त शिक्षक)

आपण कुलपाविषयी विचारले आहे, परंतु चोर कुलपापाशी पोहोचण्याच्या कितीतरी आधी अंगण पाहून जातो. माझ्या शेजारचे कुटुंब मस्कतला असते आणि गेली नऊ वर्षे त्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, त्यामुळे मी सांगतो आहे ते रोजच्या पाहण्यातले आहे. बंद घर ओळखायला आठवडासुद्धा लागत नाही. पायरीवर पाचोळा साचतो, फाटकात खोचलेले विजेचे बिल तसेच फडफडत राहते, तुळस वाळते, आणि घरात माणूस आहे असे भासावे म्हणून लावून ठेवलेला बाहेरचा दिवा भर दुपारी जळताना दिसला की तोच दिवा घर रिकामे असल्याची ग्वाही देतो. असा दिवा ठेवायचाच असेल तर अंधार पडल्यावर लागणारा आणि उजाडल्यावर विझणारा सेन्सरचा घ्यावा, आणि आतल्या एका खोलीतला दिवा टायमरवर असा लावावा की तो रात्री साडेदहाच्या सुमारास बंद होईल.

दिवाळीची विशेष काळजी घ्या. त्या चार दिवसांत सबंध गल्लीत पणत्या असतात आणि एकाच घरापुढे अंधार असतो, हे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही दिसते. आईंकडे कामाला येणाऱ्या मावशी असतील तर त्यांचे काम या सहा महिन्यांत मुळीच बंद करू नका. पूर्ण पगार चालू ठेवा आणि रोज सकाळी फाटक उघडून झाडलोट, सडा-रांगोळी, झाडांना पाणी एवढे करायला सांगा. दिवाळीत आकाशकंदील आणि चार पणत्याही त्यांच्याच हातून लावून घ्या. घराच्या आतली किल्ली मात्र त्यांना देऊ नये. हे अविश्वासापोटी सांगत नाही. चोरी झाली की पहिला संशय अशाच गरीब माणसावर घेतला जातो आणि त्याला नाहक ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून सांगतो.

आपल्याकडे बोअर असेल तर त्याच्या इतका चांगला राखणदार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात घरचे पाणी किती मोलाचे असते, हे आपल्याला सांगायला नको. मोटारीचे बटण बाहेरच्या बाजूस घेऊन शेजाऱ्यांना पाणी भरण्याची मोकळीक द्या आणि विजेचे बिल आपण भरा. आमच्या शेजारच्या अंगणात याच कारणाने दिवसातून चार-पाच वेळा माणूस येतो-जातो, आणि ज्याला त्या घराचे पाणी मिळते तो त्या घराकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो.

वरच्या दोन खोल्यांना स्वतंत्र जिना असेल तर आणखी एक मार्ग आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीसाठी बाहेरगावची किती मुले लातूरला येतात आणि त्यांच्यासोबत किती आया खोल्या करून राहतात, हे आपण जाणताच. असे एखादे कुटुंब वर राहिले तर घर बंद म्हणताच येणार नाही. अडचण एवढीच की खोल्यांची शोधाशोध जून-जुलैत होते आणि दसऱ्यानंतर चांगला भाडेकरू मिळेलच असे नाही. घाईने मात्र कोणालाही ठेवू नका.

जाता जाता एक आठवण झाली. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनात वसलेल्या एका गावी माझी बहीण दिली आहे. जुन्या गावात माळवदाला माळवद लागून होते, त्यामुळे एका घरात भांडे पडले तरी दुसऱ्या घरात कळे. नव्या गावातले रुंद रस्ते आणि सुटी सुटी घरे भूकंपाच्या दृष्टीने योग्यच आहेत, पण राखणीचे हे काम आता माणसांनी ठरवून करावे लागते. शहरातल्या वसाहतीचेही तसेच आहे.

उत्तर २ : आसनेकाठची (मूळ नांदेड, सध्या शारजा)

आमच्या नांदेडच्या घरी दोन वर्षांपूर्वी चोरी झाली, म्हणून लिहिते आहे. घरावर तीन कॅमेरे होते आणि मोबाइलवर सूचना येण्याची सोयही होती. नांदेडला रात्रीचे पावणेतीन झाले होते, म्हणजे शारजात सव्वा. आम्ही गाढ झोपेत होतो. सकाळी सहाला पाहिले तेव्हा सात सूचना येऊन पडल्या होत्या आणि त्यानंतर कॅमेरे बंद झाले होते, कारण चोरांनी टीव्हीखाली ठेवलेला डीव्हीआरच उचलून नेला होता. चित्रण त्यातच होते, ते त्याच्यासोबत गेले.

आपल्या बाबतीत वेळ उलटी आहे. लातूरला रात्रीचे दोन वाजतात तेव्हा डॅलसमध्ये ऋतुमानानुसार दुपारचे अडीच किंवा साडेतीन वाजलेले असतात, म्हणजे आपण जागे असाल, पण कामात असाल. सूचना येण्याइतकेच ती आल्यावर कोणाला फोन करायचा हे ठरलेले असणे महत्त्वाचे आहे. परदेशातून ११२ फिरवून नांदेडच्या किंवा लातूरच्या पोलिसांना फोन लागत नाही. आपल्या ठाण्याचा लँडलाइन क्रमांक भारताच्या संकेतांकासह जतन करून ठेवा, आणि रात्री फोन उचलतील अशी गल्लीतली दोन घरे ठरवा. आमच्याकडे एकच होते, आणि ते काका त्या दिवशी नेमके परगावी गेले होते.

पंचनाम्याच्या वेळी सर्वांत मोठी अडचण आली ती वेगळीच. काय गेले हे कोणालाच सांगता येईना. कपाटात काय काय आहे हे सासूबाईंना ठाऊक होते, आणि त्या वारल्या होत्या. म्हणून आई निघण्यापूर्वी त्यांच्यासोबत बसून प्रत्येक कपाट उघडा, फोटो काढा, वजने आणि पावत्या एकत्र करा. दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरांचा क्रमांक असेल तर तोही लिहून ठेवा. मौल्यवान ते सर्व काढून घेतल्यावर कपाटे उघडीच ठेवा. आमच्या रिकाम्या कपाटाला कुलूप होते म्हणून त्यांनी त्याचे दार उचकटून फोडले, आणि जुने सागवानी कपाट वाया गेले.

आता मुखवट्यांविषयी. हे लिहिताना आजही जड जाते. आम्हीही देव तांदळातच ठेवले होते. चोर धान्याचे डबे आधी उपडे करतात, कारण बायका डब्यांत दागिने ठेवतात हे त्यांना पक्के माहीत असते. नणंद पोहोचली तेव्हा स्वयंपाकघरभर पीठ आणि तांदूळ पसरले होते, त्यावर बुटांचे ठसे होते, आणि अन्नपूर्णा व बाळकृष्ण त्या तांदळात पालथे पडले होते. पितळेचे म्हणून त्यांना टाकून दिले होते. चांदीचे टाक गेले. आईंना माझा निरोप सांगा की रीत मोडायची गरज नाही. देव तांदळातच ठेवावेत, पण तो डबा बहिणीच्या घरी असावा. मुखवटे लॉकरमध्ये ठेवावेत, आणि शक्य झाले तर आईंनी स्वतःच्या हातांनी ठेवावेत.

उत्तर ३ : वेरूळकडचा (छत्रपती संभाजीनगर, कॅमेरे व विद्युत कामे)

वरील ताईंच्या बाबतीत जे घडले ते आमच्या कामात पुन्हा पुन्हा दिसते. डीव्हीआर दिवाणखान्यात ठेवू नये. माळ्यावर किंवा बंद खोलीत ठेवावा आणि किमान दोन कॅमेरे असे असावेत की त्यांचे चित्रण लगेच क्लाउडवर जाईल. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि सगळी यंत्रणा आंधळी होते, म्हणून राउटर आणि कॅमेरे दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : साध्या ट्युब्युलर बॅटरीतले पाणी काही महिन्यांत कमी होते. बहीण दर महिन्याला येणारच आहे, तिला पाण्याची पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घालायला शिकवा. इंटरनेटचे पैसे सहा महिन्यांचे आगाऊ भरा. चोरीनंतर पाहावे तर रिचार्ज संपून पंधरा दिवस झालेले, असे मी दोनदा पाहिले आहे. कॅमेऱ्यासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे नको. ज्याच्यावर भिस्त आहे त्यालाच दुखावून चालणार नाही.

कॅमेऱ्याच्या काचेवर कोळी जाळे विणतो आणि रात्री त्याच्या हालचालीने सूचना येत राहतात. आठवडाभर हे झाले की माणूस सूचना बंद करून टाकतो, आणि कॅमेरा असून नसल्यासारखा होतो. मावशींना लांब झाडूने ती जाळी दर आठवड्याला काढायला सांगा. माझे स्पष्ट मत असे की पैसे मोजकेच असतील तर चौथ्या कॅमेऱ्याऐवजी दार उघडताच वाजणारा मोठा भोंगा घ्यावा. त्याने गल्ली जागी होते.

आपल्या मागच्या गल्लीतील घराचे कुलूप शाबूत राहिले यात आश्चर्य नाही. टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, कुलपाला लावतच नाहीत, कोयंड्याखाली घालून उचकटतात, आणि लाकडात बसवलेले इंचभर स्क्रू एका झटक्यात निघतात. कोयंडा काढून टाका, दारातच बसणारे आणि चौकटीत वर-खाली दांडे सरकवणारे इंटरलॉक लावा, म्हणजे बाहेर लटकणारे कुलूपच दिसणार नाही. कोयंडा ठेवायचाच असेल तर आरपार नट-बोल्टने बसवून नट आतून घ्यावेत. एवढे केल्यावर गच्चीचे दार विसरू नका. ते बहुधा पत्र्याचे असते, आतून एका कडीवर, आणि जिन्यावर उभे राहून ते तोडणारा माणूस रस्त्यावरून दिसत नाही. अंगणात शिडी राहू देऊ नका.

उत्तर ४ : बालाघाट (धाराशिव, वकील)

पोलिसांना कळवण्याचा उपयोग होतो, फक्त ते लेखी असावे. घर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद आहे, किल्ली कोणाकडे आहे, आत येण्याची मुभा कोणाकोणाला आहे, असा साधा अर्ज देऊन पोच घ्यावी आणि आपल्या भागाच्या बीट अंमलदारांना बहिणीने एकदा प्रत्यक्ष भेटावे. रात्रगस्तीत घराचा समावेश करण्याची विनंती त्याच अर्जात करता येते. ही माहिती गावभर करण्याची मात्र गरज नाही. विमानतळावरचे आईंचे फोटो त्या परतेपर्यंत समाजमाध्यमांवर टाकू नका.

दुर्दैवाने काही घडलेच तर फिर्याद मालकानेच द्यावी असे बंधन नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती बहीण किंवा शेजारीही देऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे अशी माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून आणि कोणत्याही ठाण्यात देता येते, परंतु ती देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करणे आवश्यक असते. म्हणून प्रत्यक्ष जाऊ शकणाऱ्या व्यक्तीनेच फिर्याद देणे सोयीचे.

लॉकर घेताना बहिणीचे नाव संयुक्त धारक म्हणून घाला. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेतून चोरी झाली किंवा आग लागली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते, तेव्हा आत ठेवलेल्या वस्तूंची यादी आपल्याजवळ असावी. पुढे आई कायमच्याच आपल्याकडे राहू लागल्या तर हेही ध्यानात असू द्या की सात वर्षे लॉकर उघडलाच गेला नाही आणि धारकाचा ठावठिकाणा लागला नाही, तर भाडे भरलेले असूनही बँक तो उघडू शकते.

घरफोडीचा विमा असल्यास पॉलिसीतील घर रिकामे राहण्याविषयीचे कलम आजच वाचा. अनेक पॉलिसींमध्ये घर सलग ३० दिवसांहून अधिक बंद राहिल्यास आणि कंपनीला तसे आधी कळवलेले नसल्यास भरपाई नाकारली जाते. वरचा मजला भाड्याने द्यायचे ठरल्यास लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूची माहितीही ठाण्यात द्यावी.

मांजराकाठ (प्रश्नकर्ता)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आईला चारही उत्तरे वाचून दाखवली. नांदेडच्या ताईंचे वाचताना ती बराच वेळ गप्प होती, आणि मग स्वतःच म्हणाली की देवांचा डबा मुलीकडे नेऊ. बोअर आहे, शेजारच्या काकूंना पाण्याचे विचारल्यावर त्यांनी लगेच होकार दिला आणि रात्री फोन करण्यासाठी आपल्या मुलाचा क्रमांकही दिला. दुसरे घर समोरच्या देशमुखांच्या वाड्यातले ठरले आहे. मावशी पूर्ण पगारावर राहतील. भाडेकरू मात्र या वर्षी नको, असे आईने ठरवले.

लोहारकाम करणारे गृहस्थ परवा येऊन दार पाहून गेले. आमचाही कोयंडा चार स्क्रूंवरच होता, त्यातला एक हाताने फिरला. गच्चीचे दारही पत्र्याचेच निघाले. ते बदलायला सांगितले आहे. विम्याची पॉलिसी वडिलांच्या फाइलमध्ये सापडली, ती बहीण या आठवड्यात वाचून घेईल. मुखवटे यंदाच्या महालक्ष्म्यांचे विसर्जन झाल्यावर, पुसून, सुती कापडात गुंडाळून आई स्वतः लॉकरमध्ये ठेवणार आहे.