मदत हवी आहे: 'ओव्हररिप्रेझेंटेड'ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतर करताना या एका शब्दापाशी अडले आहे. 'जास्त संख्येने असलेले' लिहिलं की अर्थच बदलतो, कारण इथे संख्या नाही, प्रमाण महत्त्वाचं. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला २ जागा. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या सुमारे ५.७७ लाख, कॅलिफोर्नियाची सुमारे ३.९५ कोटी. म्हणजे वायोमिंगचे सदस्य दोनच, पण लोकसंख्येच्या मानाने केवढे तरी जास्त!

'अतिप्रतिनिधित्व' सुचलं, पण ते नाम झालं. मला विशेषण हवंय. ('अतिप्रतिनिधित' तर घशातच अडकतं.) शिवाय सर्वेक्षणातल्या नमुन्याबद्दल बोलताना 'प्रतिनिधी' खटकतो, तिथे कोणी कोणाला निवडून दिलेलं नसतं. 'प्रमाणाबाहेर' चालेल का? की त्यात टीकेचा सूर येतो?