ग्लेंडा जॅक्सन : खासदारकीत २३ वर्षं घालवली, हे बरोबर केलं का?

तिसरी घंटा

परवा 'एलिझाबेथ आर' परत बघायला घेतली. पहिल्या एलिझाबेथ राणीवरची १९७१ ची बीबीसीची मालिका, सहाच भाग, सेट म्हणाल तर आपल्या जुन्या दूरदर्शनच्या नाटकांसारखे, पण ग्लेंडा जॅक्सन! कपाळावरचे केस खरोखर भादरून घेतलेत तिने राणी दिसायला, आणि पोरसवदा राजकन्येपासून मरायला टेकलेल्या म्हातारीपर्यंत सगळं एकटी ओढून नेते. बघून झाल्यावर आनंद व्हायचा तर माझी चिडचिडच झाली. का, तर या बाईने दोन ऑस्कर, दोन एमी खिशात असताना १९९२ ला अभिनय सोडला आणि ब्रिटनच्या लेबर पार्टीची खासदार झाली, ते थेट २०१५ पर्यंत. २३ वर्षं! वय ५५ ते ७८. त्याच काळात तिच्या बरोबरीची जूडी डेंच बघा, बाँडची बॉस झाली, व्हिक्टोरिया राणी झाली, ऑस्कर घेतलं. आणि आपली ग्लेंडा परिवहन खात्यात कनिष्ठ मंत्री, तेही दोनच वर्षं. खासदार शेकड्याने मिळतात हो, अशी नटी एखादीच. माझ्या मते शुद्ध नासाडी. बोला आता.

विंगेतून

सपशेल असहमत. नासाडी कोणाची? तुमची, प्रेक्षक म्हणून. तिची नाही.

ती कुठून आली ते आधी बघा. बर्कनहेडची, बाप गवंडी, आई लोकांच्या घरची साफसफाई करायची. नाट्यशाळेत जायच्या आधी औषधांच्या दुकानात काउंटरवर दोन वर्षं काढलीत तिने. अशा घरातली बाई पंतप्रधान थॅचरच्या काळात कामगार वस्त्यांची वाट लागताना बघून म्हणते की आता मी उभी राहते, तर त्यात तुम्हाला करियरचं नुकसान दिसतं? दोन्ही ऑस्करला ती हजरसुद्धा नव्हती. बाहुल्या आईकडे दिल्या, आईने त्या घासून घासून वरचा मुलामा घालवला. जिला ऑस्करचं एवढंच कौतुक तिला तुम्ही डेंचबाईंचा हिशोब दाखवताय 😀

आळशी उंट

रुमाल टाकून ठेवतो. आत्तापुरतं एवढंच, की पन्नाशीनंतर बाईला रोल कुठले मिळत होते ते पण सांगा. ग्लेंडा स्वतः वर्षानुवर्षं हेच बोलायची की नाटककारांना बायका इंटरेस्टिंग वाटतच नाहीत, बाई नेहमी कुठल्यातरी पुरुषाला लटकवलेली. सोडलं ते उगाच नाही.

तिसरी घंटा

@आळशी उंट, मग डेंचला कसे मिळाले? मॅगी स्मिथला?

आणि @विंगेतून, राजकारण करायचं तर अभिनय सोडायलाच हवा असं कुठे लिहिलंय? व्हेनेसा रेडग्रेव्ह बघा, ग्लेंडापेक्षा कितीतरी जास्त डावी, मोर्चे काढले, निवडणुका लढवल्या, पडली, पण कामं करत राहिली. १९७१ च्याच सिनेमात दोघी समोरासमोर आहेत, व्हेनेसा स्कॉटलंडची राणी मेरी आणि ग्लेंडा परत एलिझाबेथ. दोघींची तत्त्वं एकाच बाजूची, एक स्टेजवर राहिली, एक फायलींत बुडाली.

विंगेतून

रेडग्रेव्ह पडली म्हणूनच कामं करत राहिली ना! निवडून आल्यावर शनिवारी मतदारांची गटारं आणि घरभाडी ऐकायची असतात, शूटिंगला सुट्टी टाकून चालत नाही. ग्लेंडाने ते काम नोकरीसारखं केलं. नटी आहे म्हणून फीत कापायला आली नि गेली असला प्रकार नाही (आपल्याकडच्या राज्यसभेतल्या हजेऱ्या आठवा, नावं घेत नाही). इराक युद्धावरून ब्लेअरच्या म्हणजे स्वतःच्याच पंतप्रधानाच्या विरोधात गेली. २०१० ला ४२ मतांनी निवडून आली, बेचाळीस! एका चाळीतली माणसं झाली ती. तरी टिकली.

आणि २०१३ चं थॅचर गेल्यानंतरचं भाषण ऐका. सगळं सभागृह श्रद्धांजली वाहतंय आणि ही उभी राहून त्या राजवटीने देशाचं काय केलं त्याची यादी वाचते, समोरून आरडाओरडा चालू, आवाज जराही हलत नाही. अभिनय सोडला म्हणता ना, मग तो आवाज कुठून आला?

तिसरी घंटा

ऐकलंय. मेलेल्या माणसाबद्दल त्या दिवशी बोलायला नको होतं असं माझं आपलं मत. पण आवाज... हो.

लंडनचा कोकण्या

सगळे तिच्या जाण्यावर भांडताय, परत येण्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. २०१६ ला लंडनच्या ओल्ड विक थिएटरात शेक्सपिअरचं 'किंग लिअर' लागलं, लिअर कोण तर ग्लेंडा, वय ८०, पाव शतकानंतर स्टेजवर पहिल्यांदा. तिकीट मिळालं ते पार वरच्या गॅलरीतलं, खांबाआडून. मी मनात म्हटलं ऐंशी वर्षांची काटकुळी बाई तीन तासांच्या वरचं नाटक रोज रोज कसं पेलणार, दुसऱ्या अंकात बसेल. अहो कसलं काय! आवाज खांबाआड पण असा यायचा की कानाशी बोलतेय. आपल्याला लिअर म्हटलं की डॉ. लागूंचे बेलवलकर आठवतात, मीही तेच डोक्यात घेऊन गेलो होतो, रडू येईल म्हणून. तिने रडवलं नाही. राग होता नुसता, सत्ता हातातून गेलेल्या माणसाचा कोरडा राग.

आता हे २३ वर्षं संसदेत बसल्यामुळे आलं की तिच्यात आधीपासूनच होतं, मला ठरवता येत नाही. १९६४ ला दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या 'मारा/साद' नाटकातही लोक तिला घाबरलेच होते म्हणतात.

विंगेतून

+१. सत्ता जवळून बघितल्यामुळेच. माझं तेच म्हणणं.

तिसरी घंटा

कोकण्या, हेवा वाटला तुमचा. पण याने माझाच मुद्दा पक्का होतो बघा. ८० व्या वर्षी लिअर, ८२ व्या वर्षी ब्रॉडवेवर नाटकाचा टोनी पुरस्कार, मग स्मृतिभ्रंश झालेल्या आजीच्या रोलला बाफ्टा, आणि मायकेल केनबरोबरचा शेवटचा सिनेमा आला तोपर्यंत ती गेली होती, जून २०२३, वय ८७. म्हणजे परत आल्यावर हाताशी सात-आठ वर्षं, आणि त्यात एवढं! मग ६० ची ग्लेंडा कशी असती, ७० ची? ती आपल्याला कोणीच दाखवू शकत नाही, म्हणून चिडचिड.

आळशी उंट

६० ची ग्लेंडा? कोणाच्यातरी सिनेमात हिरोची आई.

तिसरी घंटा

गप हो 😀 रुमाल उचला तुमचा.