धातूच्या झडपेनंतर आईला रक्त पातळ करणारी नवी गोळी चालेल का?

प्रश्न (देवगड तालुका)
संधिवाताच्या तापामुळे अरुंद झालेली माझ्या आईच्या हृदयातील मायट्रल झडप मार्चमध्ये मुंबईत बदलून तेथे धातूची झडप बसवण्यात आली. तेव्हापासून ती एसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी घेते. परंतु आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा; जास्त म्हणजे अधिक पातळ) जूनमध्ये ४.१ आला, तर गेल्या आठवड्यात १.८. प्रत्येक तपासणीला कणकवली गाठायची म्हणजे एसटीत अख्खा दिवस मोडतो. ठोके अनियमित असल्यामुळे काका डाबिगॅट्रान ही नवी गोळी घेतात व त्यांना ही तपासणी लागत नाही. मग आईलाही तीच गोळी का देऊ नये?

उत्तर १ (वैद्यकीय व्यवसाय, रत्नागिरी)
कृपया देऊ नका. काकांची झडप स्वतःची आहे, आईंची यांत्रिक (धातूची) आहे, आणि सारा फरक तिथेच पडतो. यांत्रिक झडपेच्या रुग्णांना डाबिगॅट्रान देऊन पाहिलेली चाचणी, गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे, २०१२ मध्ये मध्येच थांबवावी लागली. महाधमनीच्या यांत्रिक झडपेवर अपिक्साबान या तशाच नव्या गोळीची चाचणीही २०२२ मध्ये गुठळ्यांमुळे थांबली. मायट्रल जागी आयएनआर साधारण २.५ ते ३.५ ठेवतात, म्हणून ४.१ पेक्षा १.८ ने घाबरायला हवे, कारण आकडा कमी म्हणजे गुठळीचा धोका. आजच शल्यविशारदांना कळवा. एसिट्रॉमचा प्रभाव लवकर ओसरतो, त्यामुळे आकडा सतत हलत राहिला तर वॉरफरिनचा पर्याय त्यांना विचारता येईल, मात्र हा बदल घरी करू नये.

उत्तर २ (गुहागर, स्वतः रुग्ण)
माझ्या धातूच्या झडपेला चौदा वर्षे झाली. पावसाळ्यात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला ताटात एकदम वाढतो आणि त्यातील व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करते. भाजी सोडू नये, प्रमाण मात्र बारा महिने सारखे असावे. (मासळीची चिंता नको, ती मी रोज खातो.) लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) भीतीने आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाने आयएनआर चढू शकतो, गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन तर मुळीच घेऊ नये.

उत्तर ३ (मालवण)
माझ्या सासूबाईंना टिश्यू (प्राण्याच्या ऊतींची) झडप बसवली होती, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी तीन महिन्यांनी बंद होऊन ॲस्पिरिनवर भागले. तो अनुभव धातूच्या झडपेला लावू नये.

प्रश्नकर्ता
मुंबईला फोन केला. त्यांनी गोळीचे प्रमाण बदलून चार दिवसांनी तपासणी सांगितली आहे. जुने कागद काढून पाहिले, तर ४.१ आला त्याच आठवड्यात आईला तापासाठी डॉक्सीचा कोर्स चालू होता. टाकळा मात्र पंधरा दिवस रोज मीच आणून देत होतो.